झेंडा ज्यांच्या हातात असतो त्यांना

सांगली-सातारा भागातल्या बैलगाडी शर्यतींचे झेंडा पंच, यात्रा कमिट्या आणि संयोजक मंडळी यांना,

रामराम.

१६ डिसेंबर २०२१ ही तारीख तुमच्यापैकी कुणी विसरलं असेल असं मला वाटत नाही. गुरुवार होता. सुप्रीम कोर्टाने राज्यात शर्यती घ्यायला परवानगी दिल्याची बातमी आली आणि विट्यात आमच्या गॅरेजसमोरून पोरं गुलाल उधळत गेली. मे २०१४ पासून दावणीला बांधून पडलेला नाद सुटला म्हणून शेजारच्या चहावाल्याने त्या दिवशी कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत. मीही नाचलो, पण निम्म्या मनाने. कारण त्याच दिवशी मोबाइलवर दुसरी एक बातमी आली होती. फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतीत मर्सिडीजच्या संघाने अबुधाबीच्या निकालाविरुद्धचं अपील सोडून दिलं होतं. म्हणजे चार दिवसांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, तिथं जे झालं त्यावर शिक्का बसला.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तो पुढं एका मैदानावर आपोआप जुळला, तुमच्यातल्याच काहींच्या डोळ्यांदेखत. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण फायनलला उशीर झाला की आम्ही तुमच्यासाठी थांबतोच की.

मी डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. घरात खिलार बैल आजोबांच्या काळापर्यंत होते, आता नाहीत. मेव्हण्याकडे आहेत, तेवढ्यावर माझी हौस भागते. आणि दुसरी हौस फॉर्म्युला वनची. ती आपल्याकडे फार कुणी बघत नाही, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. २०२१ ला दहा मालक होते, प्रत्येकाच्या दोन गाड्या, अशा वीस गाड्या. आपल्यासारखं एकाच दिवसात गट, सेमी, फायनल उरकून संध्याकाळी ढाल घरी नेता येत नाही. वर्षभर देशोदेशी मैदानं भरतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असं करत दहाव्यापर्यंत. वर्षाअखेर ज्याची बेरीज जास्त, तो जगज्जेता.

२०२१ ला अशी २२ मैदानं झाली. २८ मार्चला बहारीनला सुरू झाली, १२ डिसेंबरला अबुधाबीत संपली. खरी लढत दोघांतच. एक मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन, ३६ वर्षांचा, सात वेळा जगज्जेता, मायकेल शूमाकरच्या बरोबरीला येऊन उभा. आठवा किताब घेतला की सगळ्यांच्या पुढे. दुसरा रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन, तेविशीतला, तोवर एकही किताब नसलेला. रेड बुलच्या गाडीवर दोन लाल बैल एकमेकांना भिडताना रंगवलेत, त्यामुळे गॅरेजातल्या पोरांचा कल कुणाकडे होता हे वेगळं सांगायला नको. मी हॅमिल्टनचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या बोलण्यातलं पाणी तुम्हाला काढून टाकता येईल.

पहिल्याच मैदानावर तास, म्हणजे आखून दिलेली वाट, सोडण्यावरून वाद झाला. बहारीनच्या चौथ्या वळणावर गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर नेली की थोडा वेळ वाचत होता. हॅमिल्टन फेरीमागून फेरी बाहेरून जात राहिला, कुणी हटकलं नाही. मग शर्यत ऐन मध्यावर असताना सूचना आली की आता बाहेर जायचं नाही. शेवटी शेवटी व्हर्स्टॅपनने त्याच वळणावर रेषेबाहेरून त्याला मागे टाकलं, तर त्याला ती जागा परत द्यायला लावली. हॅमिल्टन जिंकला. नियमाच्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी बसवता येतात म्हणे: नुसतं बाहेर जाणं वेगळं, बाहेरून पुढं निघणं वेगळं. असेल. पण मैदानाच्या कडेला उभ्या माणसाला एवढंच दिसलं की एकाला तास सोडून चाललं आणि दुसऱ्याला नाही. आणि बघा, त्या दिवशी फायदा माझ्या माणसाचा झाला होता. मी गप्प बसलो. मालकमंडळी, आपण सगळेच त्या दिवशी गप्प बसतो.

मधली मैदानं पटापट सांगतो. बाकूत एकाचा टायर फुटला, दुसऱ्याचं बोट चुकून भलत्याच बटणाला लागलं, दोघांनाही भोपळा. १८ जुलैला सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत चाकाला चाक लागलं आणि व्हर्स्टॅपन टायरच्या भिंतीवर असा आदळला की ५१ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट धक्का बसला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. हॅमिल्टनला दहा सेकंदांची शिक्षा झाली, ती भोगून तो जिंकला. १२ सप्टेंबरला मॉन्झाला व्हर्स्टॅपनची गाडी हॅमिल्टनच्या डोक्यावर चढली. डोक्यावर हेलो नावाची टायटॅनियमची कमान असते म्हणून माणूस वाचला. या खेपेला व्हर्स्टॅपनला पुढच्या मैदानाला तीन जागा मागे. कुणाला शिक्षा कमी, कुणाला जास्त, यावर गॅरेजात पान्हे आपटले गेले. पण ती माणसांची भांडणं. त्यात मला तुम्हाला ओढायचं नाही.

ओढायचं आहे ते बेल्जियमला.

२९ ऑगस्ट, स्पा. पाऊस असा की पुढच्या गाडीचं शेपूट दिसत नव्हतं. आपल्या वेळेने साडेसहाला शर्यत सुटायची. लोक डोंगरउतारावर छत्र्या घेऊन तासन्‌तास उभे. शेवटी सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना सगळ्यांच्या पुढं हळू चालणाऱ्या गाडीच्या मागे, नवरदेवाच्या वरातीसारख्या सगळ्या गाड्या एका रांगेत हळूहळू फिरवल्या, थांबवल्या आणि निकाल जाहीर करून टाकला. एकाही गाडीला दुसरीला ओव्हरटेक करायची मुभा नव्हती, तरी तिला शर्यत म्हणायचं ठरलं. अर्धे गुण वाटले. व्हर्स्टॅपनला साडेबारा, तिसऱ्या हॅमिल्टनला साडेसात. पुस्तकात तेव्हा तसं चालत होतं, हेही सांगायला हवं.

बक्षिसं वाटायची म्हणून वाटली. आपल्याकडे वळवाच्या पावसात फायनल धुऊन गेली की सेमीच्या निकालावरून ढाली वाटतात, तसंच. तेव्हा वाटलं, जाऊ दे, अर्ध्याच गुणांचा मामला. आता हिशेब बघा. शेवटच्या मैदानाला येताना दोघांचेही गुण सारखे होते, ३६९.५ आणि ३६९.५. असं पूर्वी फक्त एकदाच झालं होतं, १९७४ ला. वर्तमानपत्रांनी त्याचं केवढं कौतुक केलं! पण ते स्पाचे अर्धे गुण काढून टाका: हॅमिल्टन ३६२, व्हर्स्टॅपन ३५७. शिवाय स्पाला व्हर्स्टॅपनचा विजय मोजला गेला होता, म्हणून विजयांत तो ९-८ असा पुढे होता आणि दोघेही बाहेर पडले तर किताब त्याचा, असं गणित झालं होतं. स्पा नसतं तर तेही ८-८. न झालेल्या शर्यतीने झालेल्या वीस शर्यतींचं वजन फिरवलं. पावसात ढाली वाटताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

नोव्हेंबरात ब्राझील. आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून ती मला पाठ आहे. तेव्हा या गाड्यांच्या मागच्या पंखाला एक पट्टी असायची, सरळ रस्त्यावर ती उघडायची, हवा कमी अडायची, गाडी पळायची. उघडल्यावर फट जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर. हॅमिल्टनच्या गाडीची फट ०.२ मिलिमीटरने जास्त भरली. टॅपेट सेट करताना ०.२ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. फिलर गेजचं एक पातळ पान. त्याला पहिल्या जागेवरून उचलून शेवटी विसावा नेऊन उभा केला. बरोबर केलं. नियम म्हणजे नियम, गेज सगळ्यांना एकच. (तो शनिवारच्या छोट्या शर्यतीत विसाव्यावरून पाचवा आला, इंजिन बदलल्याच्या शिक्षेमुळे रविवारी दहावा सुटला आणि जिंकला. गॅरेजातली लाल बैलवाली पोरंसुद्धा उठून उभी राहिली. मुद्द्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पण त्याच रविवारी ४८ व्या फेरीत हॅमिल्टन बाहेरच्या बाजूने पुढं निघत असताना व्हर्स्टॅपनने चौथ्या वळणावर दोघांनाही रस्त्याबाहेर नेलं, तर त्याची चौकशीसुद्धा नाही. पट्टीला गेज आणि माणसाला अंदाज. शुक्रवारी ०.२ मिलिमीटर दिसलं, रविवारी अख्खा रस्ता सोडलेला दिसला नाही.

त्यानंतर ५ डिसेंबरला जेद्दा. रात्री अकराला शर्यत, दुसऱ्या दिवशी पंपाचं अर्जंट काम, तरी बघितली. व्हर्स्टॅपनने रस्त्याबाहेरून जागा घेतली, पुढं अपघात होऊन शर्यत थांबली. आता परत सुटताना त्याला कितव्या जागेवर उभं करायचं? मायकेल मासी हा रेस डायरेक्टर, म्हणजे समजा मुख्य झेंडा पंच. तो रेडिओवरून रेड बुलच्या माणसांना म्हणतो की अमुक जागा मागे घ्या, नाहीतर प्रकरण पंचांकडे जाईल. पलीकडून विचार होतो, होकार येतो. हे सगळं टीव्हीवर साऱ्या जगाने ऐकलं. खरसुंडीच्या बाजारात खोंडाचा सौदा करतात तसा सौदा चालला होता. निदान आपल्याकडे तो हात उपरण्याखाली असतो.

आणि मग तो रविवार.

अबुधाबी, ५८ फेऱ्या. आमच्या गॅरेजात एका मोबाइलभोवती सातजण. शटर अर्धं खाली. हॅमिल्टन सुटतानाच पुढं गेला. रेड बुलच्या दुसऱ्या गाडीवरच्या सर्जिओ पेरेझने मधे त्याला फेरीभर असा अडवला की आमच्याकडे वाद झाला, याला शर्यत म्हणायची की आडकाठी. मला विचाराल तर ती निखळ गाडी हाकण्याची कला होती. तरी पन्नासाव्या फेरीपर्यंत हॅमिल्टन दहाएक सेकंदांनी पुढं. किताब त्याचा झाल्यात जमा. पोरं उठायला लागली.

५३ व्या फेरीत निकोलस लतीफी नावाचा मागचा एक ड्रायव्हर भिंतीला धडकला. सेफ्टी कार बाहेर आली. सगळ्या गाड्या एका रांगेत. व्हर्स्टॅपन आत जाऊन नवे मऊ टायर घालून आला. हॅमिल्टन जुन्या कडक टायरवर तसाच, कारण तो आत गेला असता तर पुढची जागा गेली असती. दोघांच्या मधे पाच गाड्या, एका फेरीने मागे पडलेल्या.

नियम असा होता: मागे पडलेल्या गाड्यांना सेफ्टी कारच्या पुढं जाऊ द्यायचं ठरलं, तर त्या निघून गेल्यावर सेफ्टी कार त्याच्या पुढच्या फेरीअखेर आत येते. तेवढ्या फेऱ्या शिल्लक नव्हत्या. म्हणजे शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपणार. आधी सूचना आली की मागच्या गाड्यांनी पुढं जायचं नाही. म्हणजे व्हर्स्टॅपनला शेवटच्या फेरीत पाच गाड्या पार कराव्या लागणार. रेडिओवर दोन्ही मालकांची माणसं मासीच्या कानाला लागलेली. एकजण म्हणतो, आम्हाला फक्त एक फेरी शर्यतीची द्या. आणि मग तो निर्णय आला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. मागे पडलेल्या गाड्या एकंदर आठ. त्यातल्या फक्त पाचांना पुढं जाऊ दिलं, नेमक्या त्या दोघांच्या मधल्या. आणि सेफ्टी कार त्याच फेरीअखेर आत. शेवटची एक फेरी. नवे टायर विरुद्ध जुने. पाचव्या वळणावर संपलं.

गॅरेजात तिघे नाचले, तिघे बसून राहिले. मी मोबाइल चार्जिंगला लावला.

व्हर्स्टॅपनचा यात काही दोष नाही, हे मी शपथेवर सांगतो. वर्षभरात त्याचे दहा विजय, हॅमिल्टनचे आठ. बेरीज ३९५.५ आणि ३८७.५. समोर फट दिसली, त्याने बैल सोडले. कुठलाही ड्रायव्हर तेच करील. आणि मासीचाही मला तेवढा राग नाही. शर्यत हिरव्या झेंड्याखाली संपावी, लोकांना शेवट बघायला मिळावा, ही इच्छा सगळ्या संघांनीच आधीच्या बैठकांत बोलून दाखवलेली. दोन्ही कानांत दोन मालक ओरडत असताना त्याने लोकांना आवडेल ते केलं.

माझं दुखणं तिसरंच आहे. उरलेल्या तीन गाड्या कुठं होत्या? त्यातल्या दोन होत्या व्हर्स्टॅपनच्या मागे, त्याच्या आणि फेरारीच्या कार्लोस साइन्झच्या मधे. साइन्झ तिसरा. किताबाच्या भांडणात तो नाही. पण शेवटच्या फेरीत त्याच्यासमोरचा रस्ता कुणी मोकळा करून दिला नाही. दोघांची झुंज लागावी म्हणून नियम वाकवला आणि तिसऱ्याला कुणी विचारलंच नाही. त्याचा तिसरा नंबर टिकला, म्हणून कुणी त्याबद्दल बोलतही नाही.

आता आपल्या मैदानावर या.

गावाचं नाव सांगत नाही, कमिटीचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फायनलला सहा गाड्या. एका गाडीला एक बैल माझ्या मेव्हण्याचा, जोडीला शेजारच्या गावच्या मालकाचा. सकाळी पहिला गट सुटायच्या आधी समालोचकांनी माइकवरून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं की फायनल परत पळवायची वेळ आली तर सगळ्याच्या सगळ्या गाड्या परत पळतील. दिवसभर उन्हात धुरळा खाल्ला. गट जास्त झालेले, फायनल सुटली तेव्हा सूर्य टेकला होता. दोन नामवंत जोड्या शेजारशेजारच्या तासात. रेषेच्या जरा अलीकडे एक जोडी तास सोडून दुसरीच्या अंगावर गेली. दोन्ही गाड्या अडखळल्या, पण पुढं आलेल्याच होत्या, तशाच रेषेवर गेल्या. झेंडा उठला, मग खाली आला, मग कुणी म्हणालं उठलाच नव्हता.

स्टेजवर माणसं चढली. पंचांच्या हातातला फोन वाजत राहिला. कॅमेऱ्यावर बघू म्हणाले, तर कॅमेऱ्यात धुरळा. वीस मिनिटांनी निर्णय आला: उजेड नाही, लोक या दोन जोड्यांसाठी थांबलेत, तेव्हा या दोन आणि आणखी एक अशा तीनच गाड्या परत पळतील. तिसरी गाडी कुणाची होती ते मी लिहीत नाही. आम्हाला सांगितलं, तुम्हाला चौथं धरलंय, चौथ्याचं बक्षीस घ्या. सकाळी सगळ्या गाड्या म्हणाला होता, असं मेव्हण्याने विचारलं तर उत्तर मिळालं, अहो, लोकांना फायनल दाखवायची का नाही?

निर्णय ऐकतानाच मला अबुधाबी आठवली होती. आठातल्या पाच, सहातल्या तीन.

मेव्हण्याने चौथ्याचं बक्षीस घेतलं. मी म्हणालो, घ्यायला नको होतं. तो म्हणाला, दाजी, सरकी पेंड तुम्ही आणून देणार का?

मंडळी, त्या तीन गाड्यांत जो जिंकला त्याचा बैल खरोखर भारी आहे. सहाही गाड्या पळवल्या असत्या तरी तोच आला असता, असं मला मनातून वाटतं. पण आता ते कळायचं कसं? गुलाल त्याचा, आणि त्याच्या गुलालात कायमचा खडा. व्हर्स्टॅपनचं तेच झालं. त्याच्यानंतरच्या किताबांवर कुणी बोट ठेवत नाही, पहिल्यावर अजून ठेवतात, आणि त्यात त्याने काही चुकीचं केलेलं नाही.

तिकडे पुढं काय केलं ते सांगतो, कारण तेच मला तुमच्याकडून पाहिजे आहे. मर्सिडीजने त्याच रात्री तक्रारी दिल्या होत्या. पंचांनी त्या फेटाळल्या. सुनावणीत रेड बुलने काय मांडलं माहीत आहे? नियमात लिहिलंय ‘एनी कार्स’. एनी म्हणजे ऑल नव्हे. तुम्ही हसाल, पण मराठीत लिहा बरं: ‘मागे पडलेल्या कोणत्याही गाड्या’. यातून सगळ्या निघतात की काही? एका शब्दात जगज्जेतेपद अडकलं होतं. वर सेफ्टी कारबाबतचा शेवटचा अधिकार रेस डायरेक्टरचाच, असं आणखी एक कलम होतं. म्हणजे नियम आहे, आणि नियम गुंडाळायचा नियमही आहे.

फेब्रुवारी २०२२ ला मासीला त्या जागेवरून काढलं. मार्चमध्ये एफआयए या शर्यतींच्या मुख्य संघटनेने चौकशी अहवाल दिला. त्यात निकाल बदलला नाही, पण मासीने सद्‌भावनेने काम केलं आणि माणसाच्या हातून चूक झाली असं लिहून दिलं. पुस्तकात ‘एनी’चं ‘ऑल’ केलं. स्पासारखं पुन्हा होऊ नये म्हणून सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुणच नाहीत असं ठरवलं आणि कमी अंतराच्या शर्यतीला किती गुण याचा तक्ताच छापला. मालकांच्या माणसांनी शर्यत चालू असताना पंचाच्या कानाशी लागायचं बंद केलं. सगळं ठीक झालं असंही नाही. २०२१ पासूनच खर्चाला मर्यादा घातली होती, मूळ आकडा साडेचौदा कोटी डॉलरचा. त्या वर्षी रेड बुलने मर्यादा ओलांडली होती, हे जाहीर व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. सत्तर लाख डॉलर दंड झाला, किताब होता तिथंच राहिला. उशिरा झालेल्या हिशेबाचं असंच असतं, हे पतसंस्थेचं तोंड बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

पण लिहिलं. चुकलं ते कुठं चुकलं, हे कागदावर आणलं. आपल्याकडे त्या मैदानानंतर काय झालं? पुढच्या मैदानाचं पॉम्प्लेट आलं. त्यावर बक्षिसांचे आकडे, पाहुण्यांचे फोटो, सौजन्य, मंडप, ढोल. नियमांची एकच ओळ, सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक: ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’

अंतिम राहूदे हो. आमचं काहीच म्हणणं नाही. पण निर्णय अंतिम म्हणजे शेवटचा, मनाला येईल तो नव्हे. फायनल किती वाजेपर्यंत सुटलीच पाहिजे, ते छापा. तोवर नाही सुटली तर काय, दुसऱ्या दिवशी सकाळी पळवायची की बक्षीस वाटायचं आणि कसं वाटायचं, ते छापा. गट पाडतानाच माहीत असतं ना किती गाड्या आल्यात आणि सूर्य कधी मावळतो? मग नोंदणी कुठं थांबवायची तेही ठरवा, पावतीचे पैसे सोडवत नसले तरी. परत पळवायची तर ‘सगळ्या’ हा शब्द घाला. कोणत्याही नको, संबंधित नको, आवश्यक त्या तर मुळीच नको. सगळ्या. आणि झेंडा पंचांचे फोन सकाळी एका पिशवीत घालून ती पिशवी समालोचकांच्या टेबलाखाली ठेवा. फोन कुणाचा येतो हे मला विचारायचं नाही. येतोच कसा, एवढंच म्हणतो.

आणखी एक. फॉर्म्युला वनचे पंच प्रत्येक निर्णयाचा एक कागद काढतात. किती वाजता घडलं, कुठली गाडी, कुठला नियम मोडला, काय शिक्षा, का. एक पान. ते कुणालाही वाचायला मिळतं, विट्यात गॅरेजात बसून मी वाचतो. निर्णय पटला नाही तरी कारण कळतं, भांडायला धरायला जागा मिळते. तुम्ही वहीवर दोन ओळी लिहा आणि माइकवरून वाचून दाखवा. आपल्या समालोचकांइतकी गोड वाणी त्यांच्याकडे नाही.

काहीजण म्हणतील, तिकडे मशिनी, इकडे मुकी जनावरं, तुलना कसली. जनावर आहे म्हणून तर जास्त सांभाळायचं. गाडी परत पळवली की इंजिनाला काही वाटत नाही, बैलाच्या छातीला वाटतं. आणि कोर्टाने आपल्याला नियमांवरच खेळ दिलाय. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला तो चाबूक, काठी, शॉक यांना मज्जाव करणारे नियम कागदावर आहेत म्हणून. कागदावरचे नियम मैदानावर आपल्याला हवे तेव्हा वाकवायची सवय लागली, तर ती फायनलपुरती राहत नाही. ज्या माणसाने सहाच्या तीन केल्या, त्याला उद्या कुणाच्या हातातली काठी दिसेल कशी?

यंदाच्या मोसमात विटा-तासगाव पट्ट्यात जी कमिटी नियम आधी छापील, तिच्या त्या पॉम्प्लेटचा छपाईखर्च मी देतो. एक हजार प्रती, दोन्ही बाजूंनी. पुढच्या बाजूला पाहुणे, मागच्या बाजूला नियम. छापण्याआधी मजकूर मला दाखवायची गरज नाही, पण शाळेतल्या एखाद्या मराठीच्या बाईंकडून एकदा वाचून घ्या.

मेव्हण्याचं नवं खोंड यंदा आदत, म्हणजे दात न लावलेल्या कोवळ्या बैलांच्या, गटात उतरतंय. पांढरंशुभ्र, अंगाने सडपातळ, सुटतंय बंदुकीच्या गोळीसारखं. चिठ्ठीत कुठलाही तास निघूदे.

आपला,
एक पंपवाला
विटा, जि. सांगली